बिल विदर्सचे अल्बम कसे ऐकायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल विदर्सची दोन-तीन गाणी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असतात. त्याचे अल्बम मात्र पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकलेले लोक फार थोडे भेटतात. मी गेली कित्येक वर्षं मित्रांना, नातेवाइकांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना हे अल्बम ऐकायला देत आलो आहे. दरवेळी साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

हा बिल विदर्स कोण?

अमेरिकेतला सोल आणि फंकचा गायक. बहुतेक गाणी त्याने स्वतःच लिहिली. जन्म ४ जुलै १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावातला. वाढला जवळच्या बेक्लीत. सहा भावंडांत धाकटा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. लहानपणापासून बोलताना तो अडखळायचा आणि हे तोतरेपण तरुणपणीही बराच काळ टिकलं. शाळा संपायच्या वयात नौदलात गेला, तिथे नऊ वर्षं काढली. १९६७ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला. बोइंग ७४७ विमानांसाठी शौचालयं तयार करायचं काम होतं. पगारातून पैसे बाजूला टाकून तो आपल्या गाण्यांचं नमुन्यादाखल रेकॉर्डिंग करून घ्यायचा आणि कंपन्यांना ऐकवायचा. शेवटी क्लॅरन्स अवांतच्या ससेक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने त्याला घेतलं. पहिला अल्बम आला तेव्हा तो तेहतिशीला टेकला होता. या धंद्यात एवढ्या उशिरा कोणी सुरुवात करत नाही.

सोल म्हणजे काय आणि फंक म्हणजे काय?

कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जे गाणं गायलं जायचं, त्यातली आर्तता, हाक आणि प्रतिसाद हे सगळं प्रेम, विरह, पैसा, घर अशा रोजच्या विषयांत आलं, ते सोल. फंकमध्ये ठेका पुढे येतो. आपल्याकडच्या श्रोत्याला हे चटकन कळतं, कारण आपल्याला सम ठाऊक असते. १९६० च्या दशकात जेम्स ब्राउन या गायकाने बँडमधल्या प्रत्येकाला पहिल्या मात्रेवर एकत्र यायला लावलं. दोन समांच्या मधल्या जागेत ज्याने त्याने आपापलं नक्षीकाम करायचं, पण समेवर सगळे हजर. गिटार, पियानो, अगदी गळासुद्धा तालवाद्यासारखा वागायला लागतो.

बिलचा आवाज सोलचा आहे. त्याच्यामागचा बँड, विशेषतः दुसऱ्या अल्बमपासून, फंकचा आहे. पण एकही जण गर्दी करत नाही, आणि मला त्याच्या संगीतातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. प्रत्येकजण दुसऱ्यासाठी जागा सोडतो. ही मोकळी जागा ऐकायची सवय लागली की अल्बम उलगडायला लागतात.

एकूण अल्बम किती? सुरुवात कुठून करू?

स्टुडिओत केलेले आठ आणि मैफलीतला एक. पहिले तीन ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने ऐका: 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम' (१९७१), 'स्टिल बिल' (१९७२) आणि 'लाइव्ह अ‍ॅट कार्नेगी हॉल' (१९७३). निवडक गाण्यांच्या संग्रहापासून सुरुवात करू नका. संग्रहात १९७१ चं उघडं, कोरडं गाणं संपतं आणि लगेच १९७७ चं गुळगुळीत, सजवलेलं गाणं लागतं. दोघांवरही अन्याय होतो.

पहिल्या अल्बममध्ये काय ऐकायचं?

आधी मुखपृष्ठ बघा. विटांच्या भिंतीला टेकून एक माणूस उभा आहे आणि हातात जेवणाचा डबा आहे. फोटो कारखान्यातच काढलेला आहे. माझ्या वडिलांची सगळी नोकरी पिंपरीच्या कारखान्यात गेली. मी त्यांना ही रेकॉर्ड दाखवली तेव्हा गाणं सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले, "हा पहिल्या पाळीचा दिसतोय." मग चष्मा लावून त्यांनी डबा नीट पाहिला. किती खणांचा असेल, असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. त्या फोटोबद्दल मी बरंच वाचलंय, पण इतक्या जवळून तो कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही.

निर्माता बुकर टी. जोन्स. ड्रम्सवर अल जॅक्सन आणि बेसवर डोनाल्ड 'डक' डन, म्हणजे मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीतली मुरलेली मंडळी. गिटारवर स्टीफन स्टिल्स. एवढी दिग्गज माणसं जमल्यावर एखाद्याने नवख्या गायकाभोवती सगळा वाद्यमेळ उभा केला असता. बुकर टी.ने उलट केलं. मध्ये बिलची साधी गिटार आणि पायाने धरलेला ठेका ठेवला आणि बाकीचे त्याच्याभोवती हलक्या पावलांनी फिरवले. 'डू इट गुड' या गाण्यात बिल स्वतःच मध्येच बोलायला लागतो. हे काम मी आधी कधी केलेलं नाही, पण बुकर टी. म्हणाले काळजी करू नकोस, तू जे करतोस तेच कर आणि नीट कर, असं तो सांगतो. हे ऐकताना तो या कामात नवखा आहे हे खरंच जाणवतं.

'एन्ट नो सनशाइन' मध्ये तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा का येतात? रेकॉर्ड अडकते का?

अडकत नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेलाय. 'आय नो' हे शब्द तिथे सलग सव्वीस वेळा येतात. त्या जागी बिलला आणखी एक कडवं लिहायचं होतं, ते झालेलं नव्हतं, म्हणून त्याने तात्पुरते हे दोन शब्द भरले. स्टुडिओतल्या अनुभवी वादकांनी त्याला सांगितलं, आहे तसंच राहू दे. त्याने ऐकलं.

आता हे गाणं हेडफोन लावून ऐका. पहिल्या चार-पाच वेळा तो स्वतःची समजूत घालतोय असं वाटतं. पुढे शब्दांचा अर्थ गळून पडतो आणि त्याचा नुसता ठेका होतो. शेवटी श्वास पुरेनासा होतो. मागे ड्रम्सशिवाय जवळजवळ काही नाही. संपल्यावर व्हायोलिनं परत येतात, ती खोलीत कुणीतरी दिवा लावावा तशी. अख्खं गाणं दोन मिनिटांच्या आसपास आहे. कंपनीने ते आधी 'हार्लेम' या गाण्याच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली आणि पुढे याच गाण्याला ग्रॅमी मिळालं.

या गाण्याची प्रेरणा १९६२ च्या 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' या सिनेमातून मिळाल्याचं बिलने सांगितलं होतं. दारूत बुडालेल्या जोडप्याची ती गोष्ट आहे. हे कळल्यावर गाण्याचा अर्थ थोडा सरकतो. जी माणसं आपल्याला चांगली नाहीत, तीच नसली की अंधार होतो.

'ग्रँडमाज हँड्स' एवढं छोटं का?

कारण त्याला जे सांगायचं होतं ते तेवढ्यात संपतं. आजीचे हात चर्चमध्ये टाळ्या वाजवतात, खंजिरी वाजवतात, कधी दुखतात, कधी सुजतात, पडलेल्या पोराला उचलतात, शेजारच्या पोरीला धीर देतात. आजीचा चेहरा गाण्यात कुठेही नाही. फक्त हात. सांध्यांवर सुजलेल्या हातांनी आपल्याला ज्यांनी भरवलंय, त्यांना या गाण्यासाठी इंग्रजी यायची गरज नाही. सुरुवातीचं गुणगुणणं ओळखीचं वाटलं तर नवल नाही. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गटाने 'नो डिगिटी' हे गाणं त्यावरच उभं केलं.

याच अल्बमचं शेवटचं गाणं 'बेटर ऑफ डेड' दारुड्या माणसाच्या आत्महत्येचं आहे आणि ते बंदुकीच्या आवाजावर संपतं. घरात लहान मुलं असतील किंवा तुमचं स्वतःचं मन जड असेल तर ते त्या दिवशी वगळा. अल्बम पूर्ण ऐका असं मी म्हणतो, त्याला हा एक अपवाद.

'स्टिल बिल' हा त्याचा सर्वोत्तम अल्बम आहे का?

माझ्या मते हो, आणि हे मी पुरता विचार करून लिहितोय. इथे बुकर टी. नाही. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातल्या वॉट्स १०३ स्ट्रीट रिदम बँडमधली मंडळी आहेत: ड्रम्सवर जेम्स गॅडसन, बेसवर मेल्विन डनलॅप, की-बोर्डवर रे जॅक्सन, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन. भाड्याने बोलावलेले वादक आणि एकमेकांबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेले वादक यांतला फरक ऐकायचा असेल तर हा अल्बम घ्या.

'यूज मी' लावा आणि पहिल्या फेरीत बिलकडे लक्षच देऊ नका. फक्त गॅडसनची हाय-हॅट ऐका, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. ती एकसारखी वाजतेय असं वाटतं, पण मध्येच अर्धा क्षण उघडते आणि तेवढ्या फटीतून ठेका श्वास घेतो. दुसऱ्या फेरीत रे जॅक्सनचं क्लॅव्हिनेट (पट्ट्यांचं एक विजेवरचं वाद्य) ऐका, तारेवर नखं मारल्यासारखा तो कोरडा, टणक आवाज. तिसऱ्या फेरीत बिल. बाई आपल्याला वापरून घेतेय हे मित्र त्याला सांगतायत आणि त्याचं म्हणणं, घेऊ दे. एवढी कबुली द्यायला गायकाने आवाज चढवला असता. तो सोफ्यावर बसून सांगावं तसं गातो.

दुसरी बाजू 'किसिंग माय लव्ह' ने उघडते. सुरुवातीला नुसते ड्रम्स. ठेकाप्रेमी मंडळींनी ही काही सेकंदं जपून ठेवावीत अशी आहेत. 'हू इज ही' मध्ये रस्त्यात भेटलेला माणूस त्याच्याकडे रोखून बघतो आणि सोबतची बाई नजर खाली घालते, तेवढ्यावरून संशयाचं अख्खं गाणं. खालून एकच सुरावट आवर्तनासारखी फिरत राहते, संशय डोक्यात फिरतो तशीच.

'लीन ऑन मी' इतकं सोपं कसं?

घरात हार्मोनियम असेल तर उघडा. पांढरी एकचा सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर वाजवा: सा सा रे ग म, म ग रे सा, सा रे ग ग रे. झाली पहिली ओळ. एकही काळी पट्टी नाही, एकही उडी नाही. बिलने नवीन वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो घेतला होता. तो काही पियानोवादक नव्हता. बोटं पट्ट्यांवर नुसती वर-खाली सरकवताना ही चाल सापडली, असं तो सांगायचा. सगळी बोटं एकाच मापाने सरकतात, त्यामुळे हात न बसलेल्या माणसालाही ती वाजवता येते.

आशय स्लॅब फोर्कचा आहे. खाणगावात शेजाऱ्याकडे काही मागायला लाजायचं नसतं, कारण उद्या तो तुमच्याकडे येणार असतो. मोठ्या शहरात आल्यावर हे नसल्याचं त्याला जाणवलं आणि त्यातून हे गाणं झालं. जुलै १९७२ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने ते आपल्या पद्धतीने केलं, तेही पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बिलला गीतकार म्हणून आणखी एक ग्रॅमी मिळालं. २०२० च्या मार्चअखेर तो गेला, तेव्हा कोविडने घरात कोंडलेले लोक हेच गाणं एकमेकांसाठी गात होते.

एक विनंती. हे गाणं सुटं ऐकून थकला असाल तर 'यूज मी' नंतर लगेच ऐका, अल्बमवर ते त्याच जागी आहे. वापरून घे म्हणणाऱ्या माणसानंतर टेकू घे म्हणणारा माणूस येतो, आणि आवाज तोच.

इंग्रजी शब्द कानाला नीट कळत नाहीत. मग?

बिल हा सुरुवात करायला सगळ्यात सोपा गायक आहे. शब्द साधे, वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ. दोन-तीनदा ऐकल्यावर बहुतेक ओळी आपोआप लागतात. मला वाटतं, लहानपणी प्रत्येक शब्द ज्याला कष्टाने काढावा लागला, तो माणूस पुढे एकही शब्द फुकट खर्च करत नाही. हे माझं मत आहे, पण गाणी ऐकताना ते पक्कं होत जातं.

मैफलीचा अल्बम कशाला? गाणी तर तीच ना?

तीच नाहीत. ६ ऑक्टोबर १९७२, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल. 'स्टिल बिल' चाच बँड, शिवाय तालवाद्यांवर बॉबी हॉल. 'यूज मी' पहिलंच गाणं, संपतं, लोक ऐकत नाहीत, म्हणून बँड तोच ठेका पुन्हा उचलतो. टाळ्या इतक्या नेमक्या पडतात की सभागृहच बँडमध्ये सामील झाल्यासारखं वाटतं.

पण या अल्बमचं काळीज दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे 'ग्रँडमाज हँड्स' च्या आधी तो आजीबद्दल बोलतो ते. चर्चमधल्या म्हाताऱ्या बाया कशा गायच्या हे सांगताना लोक हसतात, आणि हसता हसता गाणं सुरू होतं. दुसरं म्हणजे 'आय कान्ट राइट लेफ्ट हँडेड'. हे गाणं कुठल्याही स्टुडिओ अल्बमवर नाही. तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. उजवा हात गमावलेल्या एका तरुण सैनिकाशी झालेलं बोलणं तो आधी सांगतो. गोळ्या झाडल्या जात होत्या त्याचं काही वाटलं नाही, पण गोळी लागली तेव्हा मात्र हादरलो, असं तो पोरगा म्हणाला होता. मग गाणं. त्याला आईला पत्र लिहायचंय, पण डाव्या हाताने लिहिता येत नाही, म्हणून तो दुसऱ्या कुणाला तरी लिहून द्यायला सांगतोय. वकिलाला कळवा, पाद्रीबाबांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगा, धाकट्या भावाला सैन्यात येऊ देऊ नका. युद्धावर बोट रोखणारी एकही घोषणा नाही. जवळजवळ सात मिनिटं सभागृह श्वास रोखून आहे. मी हे गाणं कधीही दुसरं काम करता करता ऐकलेलं नाही आणि तुम्हीही ऐकू नका.

चौथा अल्बम का विसरला गेला?

१९७४ चा ''जस्टमेंट्स', ज्याच्या नावाआधी अधिकचं चिन्ह छापलेलं आहे. अभिनेत्री डेनीस निकोलसशी झालेलं त्याचं लग्न तेव्हा मोडत होतं. गाणी कडवट आणि लांब आहेत. 'द सेम लव्ह दॅट मेड मी लाफ' ऐकाच. पुढच्याच वर्षी ससेक्स कंपनी बुडाली आणि तिच्याबरोबर हा अल्बमही लोकांच्या नजरेआड गेला. पहिले तीन ऐकून झाल्यावर हा शोधा.

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, तो झाइरच्या (आताच्या काँगोच्या) किन्शासातल्या मोठ्या संगीत महोत्सवात गायला. महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या मुष्टियुद्धाच्या लढतीच्या निमित्ताने तो भरवला होता. 'सोल पॉवर' या माहितीपटात त्याचं 'होप शील बी हॅपियर' आहे: मोठ्ठं मैदान, एक माणूस, एक गिटार.

ससेक्सनंतर कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीकडे केलेले अल्बम वाईट आहेत का?

वाईट नाहीत. 'मेकिंग म्युझिक', 'नेकेड अँड वॉर्म', 'मेनॅजरी', 'बाउट लव्ह' हे १९७५ ते १९७८ मध्ये दरवर्षी एक असे आले. पण मघाशी म्हटलेली मोकळी जागा भरत गेली. तंतुवाद्यं, मागचे गायक, चकचकीत ध्वनिमुद्रण. काही गाणी त्या गर्दीतही उभी राहतात. 'मेनॅजरी' मधलं 'लव्हली डे' तर माझ्या घरी रविवारी सकाळी वाजतंच. त्याच्या शेवटी तो एक स्वर अठरा सेकंद धरतो. घड्याळ लावून बघा. कसरत वाटत नाही, कारण स्वर हलत नाही आणि मागे बँड आपल्या चालीने चालत राहतो. आपल्याकडे ज्याला ठहराव म्हणतात तोच.

'नेकेड अँड वॉर्म' वरचं 'सिटी ऑफ द एंजल्स' दहा मिनिटांहून लांब आहे. ज्यांना रात्री गाडी चालवताना ऐकायला आवडतं त्यांनी घ्यावं.

'जस्ट द टू ऑफ अस' कुठल्या अल्बमवर आहे? सापडत नाही.

त्याच्या स्वतःच्या स्टुडिओ अल्बमवर ते नाही. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या 'वाइनलाइट' (१९८०) वर आहे. विल्यम सॉल्टर आणि राल्फ मॅकडोनाल्ड यांच्याबरोबर बिलने ते लिहिलं. यालाही ग्रॅमी आहे.

तो गायचा थांबला का?

१९७८ नंतर पुढचा अल्बम थेट १९८५ मध्ये आला, 'वॉचिंग यू वॉचिंग मी'. मधल्या वर्षांत कंपनीतले अधिकारी त्याची गाणी परत पाठवत राहिले. काळ्या माणसाने कसं गावं हे त्याला शिकवू पाहणाऱ्यांवर तो उघडपणे चिडायचा. एकाने त्याला एल्विस प्रेस्लीचं 'इन द घेटो' गायला सुचवलं होतं. १९८५ नंतर त्याने एकही अल्बम केला नाही. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला, स्टीव्ही वंडरने त्याला सन्मानाने पुढे आणलं, आणि तेव्हाही तो परत दौऱ्यावर निघाला नाही.

लोक याला शोकांतिका म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्याने तिशीची सुरुवात कारखान्यात काढली त्याला गाण्याबाहेरही जगणं आहे हे माहीत होतं. पहिला अल्बम आल्यावरही त्याने लगेच नोकरी सोडली नव्हती, कारण या धंद्याचा त्याला भरवसा नव्हता. 'एन्ट नो सनशाइन' च्या खपाचा मान म्हणून कंपनीने त्याला शौचालयाची सोनेरी बैठक भेट दिली होती. त्याच्या जुन्या कामाची ती आठवण होती.

जुनी रेकॉर्ड घेऊ की मोबाइलवर ऐकू?

जे हाताशी असेल त्यावर ऐका. फक्त मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर नको, मेल्विन डनलॅपचा बेस तिथे पार गायब होतो आणि बेस गेला की अर्धं 'स्टिल बिल' गेलं. बरे इअरफोन पुरतात. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं बटण मात्र बंद ठेवा.

एकच गाणं सुचवायचं तर?

सगळे 'लीन ऑन मी' ची अपेक्षा करतात. मी कार्नेगी हॉलचं शेवटचं गाणं सुचवतो, 'हार्लेम' आणि त्याला जोडून 'कोल्ड बलोनी'. तेरा मिनिटांचं आहे. आई दुसऱ्यांच्या घरी राबायला गेलेली, तिथे ती चांगलंचुंगलं रांधतेय आणि घरी पोर थंड, स्वस्तातलं मांस खात तिची वाट बघतंय. एवढ्या गोष्टीवर बिल अख्खं सभागृह नाचवतो. गॅडसन ठेका सोडत नाही, लोक टाळ्या सोडत नाहीत, आणि बिल पुन्हा पुन्हा सांगत राहतो की आई घरी येतेय.